तांदळातलं नाव

दुपारचं जेवण उरकून कुंदा जरा आडवी होते, पण झोपायला नव्हे. तिला संध्याकाळच्या आत एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, आणि पाठ टेकल्याशिवाय आपलं डोकं चालत नाही अशी तिची स्वतःबद्दलची जुनी समजूत आहे. पंखा घरघरतोय. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन भिंतीवर हलतंय. डोळे मिटले की ‘हो’ म्हणावंसं वाटतं, उघडले की ‘नाही’. असं दोन-चार वेळा होतं आणि मग पापण्या मिटतात त्या मिटतातच, उघडायचं काही मनावर घेत नाहीत.

प्रश्न असा, की होणाऱ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं नाव आपल्या लग्नात घ्यायचं की नाही.

झोप पुरती लागायच्या आत थोडी हकिकत सांगून टाकावी, म्हणजे पुढे गोंधळ नको. कुंदा शिरगुप्पे सांगलीत मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवते. गावातल्या निम्म्या बायका तिच्याकडे गिअर टाकायला शिकल्या, आणि उरलेल्या निम्म्या नवऱ्याकडे शिकायला गेल्या म्हणून अजून शिकताहेत. लाल गाडी, टपावर पाटी, पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘कुंदा’. लग्नाच्या वयात वडिलांचं आजारपण आलं, ते निस्तरेपर्यंत वय निघून गेलं, आणि नंतर एकटं राहायची इतकी सवय झाली की कुणी स्थळ सुचवलं तर ती आधी त्याच्याकडे लायसन्स आहे का ते विचारायची. मग पन्नाशी उलटल्यावर एक दिवस तिच्या गाडीत दिगंबर तासगावकर येऊन बसले.

हळदीच्या एका पेढीवर जन्मभर काम करून ते नुकतेच घरी बसले होते. बायको वारली होती. दारात गाडी होती, पण ती चालवायची बायको. हे शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. बायको गेली आणि गाडी दारातच धूळ खात राहिली. मुलगी म्हणाली, बाबा, शिका. बाबा शिकायला आले आणि लोक जो कोर्स महिन्यात संपवतात तो त्यांनी वर्षभर पुरवला. आर.टी.ओ.च्या मैदानावर गाडीने आठाचा आकडा काढायचा असतो. दिगंबरांच्या आठाचा दर वेळी शून्य व्हायचा. कुंदा शेजारून ब्रेक दाबायची, ते ‘सॉरी, मॅडम’ म्हणायचे. पुढे ब्रेक दाबायचं कारण संपलं तरी दोघं गाडीतून फिरत राहिली, आणि त्याचा अर्थ काय ते आधी गावाला कळलं, मग त्यांना.

आता लग्न ठरलंय. पण लावायचं कुणी? तिच्या घरचे रिवाज वेगळे, त्यांच्या घरचे वेगळे. शिवाय या वयात कन्यादान म्हटलं की कुंदालाच हसू फुटतं. हिचं दान करायला कुणी उरलेलं नाही आणि केलंच तर घेणाऱ्याला झेपायला हवं. दिगंबरांच्या मुलीने, पल्लवीने, तोडगा काढला. कोल्हापूरच्या ऋजुता किणीकर म्हणून बाई आहेत, त्यांना ठरवलं. त्यांचा धंदाच हा. शिंपी मापं घेऊन कपडा बेततो तसं त्या माणसं बघून लग्न बेततात, आणि मग स्वतः उभं राहून लावतात. मंगलाष्टका त्या रचतात, त्यात नवरा-नवरीच्या खऱ्या गोष्टी असतात. सप्तपदीतली वचनं ज्याने त्याने आपल्या शब्दांत द्यायची. त्यासाठी आधी येऊन बसतात आणि नको नको ते विचारतात: भांडता कशावरून, सकाळचा चहा कोण करणार, घोरतं कोण. कुंदाला त्या बेहद्द आवडल्या. त्यांनी रचलेल्या एका मंगलाष्टकेत क्लच आणि ब्रेक शार्दूलविक्रीडितात अगदी चपखल बसले होते.

आज सकाळी दिगंबरांच्या घरी तालीम झाली. ऋजुताबाईंनी त्यांना पहिलं वचन मोठ्याने म्हणायला सांगितलं, नवरीचं नाव घेऊन. बिचाऱ्यांनी आजवर ‘मॅडम’ सोडून तिला दुसरी हाक मारलेली नव्हती. त्यांनी घसा साफ केला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सुरुवात केली, “मी, दिगंबर, वैजयंतीला...”

वैजयंती म्हणजे पहिली बायको. तिचा फोटो समोरच्याच भिंतीवर होता, चंदनाचा हार घातलेला, खाली नाव लिहिलेला. कुंदाच आधी हसली आणि म्हणाली की रिव्हर्स पडला, आता परत पहिला टाका. त्यावर सगळे हसले. दिगंबरांचा चेहरा मात्र उतरला आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडून कुठलंच नाव बाहेर येईना. निघताना ऋजुताबाईंनी कुंदाला बाजूला घेतलं. विधीच्या सुरुवातीला वैजयंतीबाईंचं नाव घेऊन एक समई लावावी अशी बाप-लेकीची इच्छा आहे, त्या म्हणाल्या. पण माझा नियम आहे, दोघांच्या मनात असल्याशिवाय मी मांडवात कुणाचं नाव घेत नाही. तुम्ही नको म्हणालात तर का म्हणून कुणी विचारणार नाही. फक्त संध्याकाळपर्यंत कळवा.

कुंदाला मत्सर वाटत नाही, गेलेल्या बाईचा मत्सर करण्याइतकी ती रिकामी नाही. तिला भीती वाटते. या वयात तिने लग्नाचा घाट घातला तो कशासाठी, तर घरात कुणीतरी आपल्याला आपल्या नावाने हाक मारावी म्हणून. आई-वडील गेले तेव्हापासून ते नाव टपावरच्या पाटीपुरतं उरलंय, बाकी सगळ्या जगाची ती मॅडम. आणि ज्याने हाक मारायची त्याच्या जिभेवर दुसरीच ठाण मांडून बसलेली. त्यात भर मांडवात माइकवरून तिचंच नाव घ्यायचं, म्हणजे ती जन्मात तिथून उठायची नाही. तिला फार वाईट वाटतंय, आणि वाईट वाटतंय याचीही लाज वाटतेय.

आता तिला झोप लागू द्यायला हरकत नाही.

हॉर्न वाजतो. एकदा छोटा, एकदा लांब. कुंदा डोळे उघडते तर ती गादीवरच आहे, पण गादी गाडीच्या डाव्या सीटवर आहे, उशीसकट. शेजारी स्टिअरिंगवर एक बाई बसलीय. मोरपंखी साडी, पदर ओढून कमरेला खोचलेला. साडी फोटोतलीच आहे, हार तेवढा नाही.

“पट्टा लावा,” बाई म्हणते. “मी जरा जोरात चालवते.”

कुंदाला आश्चर्य वाटत नाही. तिला एवढंच वाटतं की आपण डाव्या सीटवर आहोत त्या अर्थी आपला पाय ब्रेकवर हवा. ती पायाने चाचपते, तर पायाला चादर लागते.

“तुमच्या गाडीत असतो तिकडे ब्रेक,” वैजयंती म्हणते. “ही माझी गाडी आहे.”

गाडी निघते. गल्लीच्या तोंडाशी दुधाच्या क्रेटांचा ढीग आहे, त्याला वळसा घालताना वैजयंती आरशात बघते, मान वळवून बघते, मगच चाक फिरवते. कुंदा नाही म्हटलं तरी खूश होते. इतकी वर्षं शिकवून आरशात बघणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली. ती तसं बोलूनही दाखवते. वैजयंती म्हणते, तुमचा तो विद्यार्थी आरशात स्वतःचा भांग बघायचा, माझ्या शेजारी बसला की.

“अजून बघतात,” कुंदा म्हणते, आणि दोघी हसतात. मेलेल्या माणसाबरोबर इतकं मोकळं हसता येतं हे कुंदाला माहीत नव्हतं.

नदीवरचा पूल लागतो. खाली कृष्णा आहे, पण नदीतून हळद वाहतेय, पोती फोडून ओतल्यासारखी, पिवळीधमक. काठावर हमाल फावड्याने ती पुढे लोटताहेत आणि सगळे शिंकताहेत. गाडीची काच पिवळी होते, कुंदाचे हात पिवळे होतात. वायपर फिरतो तिथे काचेवर रस्ता दिसत नाही, चहाचं पातेलं दिसतं. समोर गॅस आहे, लाल सिग्नलसारखा पेटलेला. दोघी दिगंबरांच्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत, तरी गाडी चालूच आहे, पायांखाली इंजिनाची थरथर लागतेय.

या घरात कुंदा जेवली आहे, पण ओट्यापाशी कधी गेलेली नाही. डबे ज्या क्रमाने लावलेत तो क्रम दुसरीने लावलाय, ही एकच गोष्ट तिला दारातच अडवायची. आताही ती हात मागे बांधून उभी राहते. वैजयंती आल्याचा तुकडा खलबत्त्यात ठेचते आणि म्हणते, “उघडा की डबे. चावत नाहीत.”

कुंदा एक डबा उघडते. त्यात खिळे आणि स्क्रू आहेत. दुसऱ्यात रेल्वेची जुनी तिकिटं. साखरेच्या डब्यात साखर नाही.

“मी गेले त्या दिवसापासून तो रोज वेगळ्या डब्यात साखर ठेवतो,” वैजयंती म्हणते. “माझा क्रम कुठला घेऊन बसलात. केव्हाच मोडला तो.”

चहा उतू जातो आणि खाली न सांडता हवेतच राहतो. कुंदाला वाटतं, आता बोलून टाकावं. स्वप्न कधी संपेल याचा नेम नाही, आणि संध्याकाळी ऋजुताबाईंना कळवायचंय.

“ताई, तुम्हाला लग्नात बोलवायचं की नाही, त्याचंच माझं ठरत नाही.”

“मला विचारलं का कुणी?”

“तुम्हाला यायचं नाही?”

“यायचंय की. दुसऱ्या लग्नात जेवण चांगलं असतं.” वैजयंती कपबशी पुसते. “पण तुम्ही सगळे वैजयंतीला बोलावताय. मला कुठे बोलावताय?”

कुंदाला कळत नाही. ती तसं म्हणते. वैजयंती कप खाली ठेवते, पदराला हात पुसते आणि फ्रिजचं दार उघडते. आत थंडावा नाही, ऊन आहे.

दारापलीकडे शाळेचं पटांगण आहे. बाभळीच्या फोकांना कागदी पताका, कर्ण्यातून सनई, मध्येच खरखर. म्हाताऱ्या बायका सतरंजीवर बसून एकमेकींच्या साड्या चिमटीत धरून बघताहेत. पाटावर मुंडावळ्या बांधलेला एक लुकडा मुलगा बसलाय, ओठावर मिशी नुकतीच फुटलेली. कुंदा त्याला कानांवरून ओळखते. ते कान आजही तसेच आहेत, जगातल्या सगळ्या सूचना ऐकायला उभे राहिलेले. शेजारी नवरी आहे, मान खाली. आणि तीच नवरी कुंदाच्या शेजारीही उभी आहे, मोरपंखी साडीत, कमरेवर हात ठेवून.

“आता बघा ह्यांची गंमत,” ती म्हणते. पटांगणाच्या मातीत पाय पडल्यापासून तिची भाषा बदललीय, सांगलीची राहिलेली नाही. “ताट आणत्याती बघा.”

पितळी ताटात तांदूळ पसरलेत. कुंदाने हे पाहिलंय, तिच्या मावशीच्या लग्नात. नवरीचं माहेरचं नाव सोडवून सासरचं नवीन ठेवायचं, आणि ते नवऱ्याने अंगठीने तांदळात लिहायचं. मुलाचा मामा त्याच्या कानाशी वाकतो. ‘वैजयंती’ लिही, असं तो म्हणतो, ते साऱ्या मांडवाला ऐकू जातं. मुलगा मान डोलावतो. अंगठी तांदळात टेकवतो. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहितो.

द्वारका.

आधी एक म्हातारी हसते, मग अख्खा मांडव. मामा कपाळावर हात मारून घेतो. कुणीतरी म्हणतं, पोरगं आतापासूनच येडं झालं. मुलाचे कान लालभडक होतात. मामा ताट उचलून दोन्ही हातांनी हलवतो, तांदूळ सपाट होतात, आणि मुलगा खाली मान घालून दुसऱ्यांदा लिहितो, मामा सांगेल तसं, अक्षर अक्षर विचारून.

“द्वारका मी,” शेजारची बाई म्हणते. “बापानं ठेवल्यालं नाव. सासरच्यास्नी लई जुनाट वाटलं.”

“आणि त्यांना?”

“ह्यांना आवडायचं. सुपारी फुटल्यापासनं मनात घोकत हुतं म्हणं. म्हणून तर हातातनं तेच उमटलं.” ती हसते, पण हसता हसता ओठ चावते. “मंग वरीसभर त्येच. ह्यांनी द्वारका म्हणायचं, सासूबाईंनी टोकायचं. पाव्हण्यांफुडं टोकायचं, जेवताना टोकायचं. ह्ये दचकायचं आन गप बसायचं. कुठलंच नाव घ्यायचं न्हाई. सकाळी तुमच्याफुडं गप बसलं न्हवं का, तसंच.”

कुंदाला सकाळचा तो उतरलेला चेहरा आठवतो. आपण हसलो होतो, सगळे हसले होते. म्हणजे माणूस नावं विसरत नाही, नावाला भितो. तिला हायसं वाटतं आणि त्याच वेळी रडूही येतं.

“मला वाटलं तुम्ही त्यांच्या जिभेवर बसलात,” ती म्हणते. “मला कुणीतरी नावाने हाक मारावी, एवढ्यासाठी मी लग्न करतेय. तुमचं नाव तिथून निघणार नाही, असं वाटलं.”

“निघतंय की. माझं न्हाई का निघालं?” द्वारका म्हणते. तिच्या आवाजात तक्रार नाही, बाजारभाव सांगावा तसं ती सांगते. “फोटोखाली न्हाई. दारावर न्हाई. पोरीला तर म्हाईतच न्हाई, तिची आई कोण हुती. तुमचं निदान टपावर हाय. सगळ्या गावातनं फिरतंय.”

सनई अडखळते आणि पुन्हा सुरू होते. पताका वाऱ्याने उलट्या होतात. लुकडा मुलगा पाटावरून उठून उभा राहतो तर त्याचे केस पांढरे आहेत, आणि तो इकडेतिकडे बघतोय, कुणाला तरी हाक मारायची असल्यासारखा.

“आमच्या त्या बाई म्हणाल्या, समई लावू तुमच्या नावाची,” कुंदा म्हणते.

“समई नगं, तेल लई पितीया. नाव घ्या म्हंजे झालं. पर माझं. वैजयंतीनं तीस वर्सं संसार केला, तिला आता निजू दे.” द्वारका कुंदाचा हात धरते. तिचा हात गरम आहे, नुकताच भांडी घासून उठलेल्या बाईचा असतो तसा ओलसर. “आन तुमचं नाव ह्यांना शिकवायला लागंल. वरडून न्हाई. हळू. ते हाफ क्लचवर सोडताय न्हवं तुम्ही, तसं. धंदाच हाय तुमचा.”

“शिकवीन.”

“मंग लिवा.”

ताट दोघींच्या मध्ये आहे. कुणी आणून ठेवलं ते दिसत नाही. द्वारका कुंदाचं बोट धरून तांदळात टेकवते आणि हात सोडते. तांदूळ उन्हाने तापलेत. कुंदा ‘द्वा’ काढते, बोटाच्या मागे मऊ चर पडतो. ‘र’. ‘का’. ती नाव मोठ्याने वाचते. द्वारका खुदकन हसते, पोरीसारखी, आणि म्हणते, परत म्हणा. कुंदा परत म्हणते. मांडवातल्या म्हाताऱ्या वळून बघतात आणि एक जण म्हणते, अगं, आमची द्वारकी व्हय ही.

मग पटांगण आर.टी.ओ.चं होतं. मातीवर हळदीने आठाचा मोठा आकडा आखलेला आहे. द्वारका गाडीत बसते, काच खाली करते आणि एका हाताने आठ काढायला लागते, रेघेला कुठेही चाक न लावता, एकदा, दोनदा, मोरपंखी पदर खिडकीबाहेर उडत. कुंदा कडेला उभी राहून टाळ्या पिटतेय. तिला इतका आनंद झालाय की तो कुणाचा, आपला की तिचा, हे तिला सांगता येणार नाही. अक्षता कुठून पडताहेत ते कळत नाही, पण पडताहेत. द्वारका हॉर्न वाजवते. एकदा छोटा, एकदा लांब.

दुसरा हॉर्न रस्त्यावरच्या टेम्पोचा आहे.

कुंदा उठून बसते. ऊन भिंतीवरून खाली उतरून फरशीवर आलंय. पंखा घरघरतोय. सगळं जसंच्या तसं आठवतंय, हळदीची नदी, डब्यातले खिळे, लाल झालेले कान, गरम ओलसर हात. नाव तेवढं आठवत नाही. ती डोळे मिटून ते पकडायला जाते आणि ते मागे सरतं. तीन अक्षरी होतं? जुनाट होतं, एवढं आठवतंय. ती कपाळावर हात मारायला जाते आणि हात मध्येच थांबतो.

उजव्या हाताचं पहिलं बोट पांढरं झालंय, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. तांदूळ निवडताना लागते ती मऊ भुकटी. नखाच्या कडेलाही थोडी अडकलीय. कुंदाने आज घरात काही रांधलेलं नाही, डबा आला होता आणि त्यात थालीपीठ होतं. ती बोट नाकाशी नेते. कोऱ्या तांदळाचा वास.

ती डाव्या हाताने फोन लावते, आणि तो ऋजुताबाईंना नाही. दिगंबर पहिल्याच रिंगला उचलतात, जसे काही सकाळपासून फोनपाशीच बसलेत. सकाळचं सॉरी, मॅडम, इथपासून ते सुरुवात करतात. कुंदा त्यांना मध्येच थांबवते.

“एक विचारते. तुमच्या पहिल्या बायकोचं माहेरचं नाव काय होतं?”

फोन लागलाय की तुटलाय ते बघायला कुंदा तो कानापासून दूर धरते. लागलेला आहे. त्यांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक येतेय. मग श्वास घेतल्याचा आवाज, खूप खालून घेतल्यासारखा.

“द्वारका,” दिगंबर म्हणतात.

तेच नाव. कुंदा बोट छातीशी धरते. पलीकडे ते पुन्हा म्हणतात, “द्वारका,” या वेळी जरा मोठ्याने, आणि मग त्यांचा आवाज फुटतो. कितीतरी वर्षांत हे नाव आपण उच्चारलेलंच नाही, ते सांगतात. आई होती तोवर धीर झाला नाही आणि नंतर सवय गेली. लग्नात ताटात पहिल्यांदा तेच लिहिलं होतं, पण सगळे हसले. आता हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं ते विचारत नाहीत. बोलायला मिळालंय तेवढ्यातच ते गुंतलेत. कुंदा ऐकून घेते.

“ऋजुताबाईंना मी हो म्हणून सांगतेय,” ती मग म्हणते. “पण मांडवात हेच नाव घ्यायचं. पल्लवीला आधी तुम्ही सांगा, माइकवरून कळायला नको तिला.”

“सांगतो. आत्ताच सांगतो.” ते नाक पुसतात. “ती रडेल.”

“रडू दे. आणि ताट ठेवायचं. त्यात माझं नाव तुम्ही लिहायचं. नवीन-बिवीन नाही, आहे तेच.”



“माझ्या हातून चुकलं तर, मॅडम?”

“चुकलं तर पुसायचं नाही. त्याच्या शेजारी परत लिहायचं. ताट मोठं घेऊ.”

दिगंबर हसतात. रडून झाल्यावरचं ते हसू ओलं आणि मोकळं असतं. मग ते गप्प होतात, आणि कुंदा ओळखते की गाडी आठाच्या अवघड वळणावर आलीय. ती मध्ये बोलत नाही, ब्रेक दाबत नाही. पलीकडे ओठ हलल्याचा आवाज येतो, आवाजाशिवाय एकदा म्हणून बघितल्याचा.

“कुंदा,” ते म्हणतात.

ऊन फरशीवरून सरकत तिच्या पायांवर आलंय.

“बरोबर?” ते विचारतात.

“बरोबर,” कुंदा म्हणते. पांढरं बोट कशाला लागून पुसू नये म्हणून ती ते वर धरून बसलीय. “अजून एकदा.”